डोळे मिटा, असे सांगण्याचा अधिकार

गेल्या हिवाळ्यात कार्यालयीन कामासाठी रायपूरला जाणे झाले. काम शुक्रवारी आटोपले, तेव्हा शनिवार-रविवार रिसालीस थोरल्या बहिणीकडे राहून परतावे असे ठरविले. रिसाली हे नाव परदेशस्थ वाचकांपैकी अनेकांस अपरिचित असेल. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भाताच्या शेतांमधून एक आखीव नगर उभे राहिले. रिसाली ही त्या नगराचीच एक वस्ती. आता तिची स्वतंत्र महानगरपालिका झाली असून २०२१ च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूकही पार पडली. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे येथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असा त्यांचा त्रिभाषिक संसार चालतो.

माझे भाऊजी अशांपैकीच एक. आयुष्यभर तीन पाळ्यांत नोकरी केली. अ पाळी, ब पाळी, क पाळी या चक्रात चाळीसेक वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर अचानक रात्र ही झोपण्यासाठी असते असे सांगितले, तर शरीर ते मान्य करीत नाही. त्यांनाही झोप येत नसे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, परंतु त्या घेण्याचा त्यांना कंटाळा. अशा वेळी ताईच्या कानावर आले की जवळच्याच एका सभागृहात रविवारी सकाळी ‘संगीतोपचार’ होतो. बासरीची ध्वनिमुद्रिका लावतात, अंग सैल सोडावयास सांगतात आणि मग हळुवार आवाजात एकेक दृश्य डोळ्यांसमोर आणवितात. ताई भाऊजींना घेऊन गेली.

पहिले दोन रविवार उत्तम गेले. भाऊजी चक्क तेथेच घोरले, असे ताईने मला फोनवर हसत सांगितले होते. तिसऱ्या रविवारी दृश्य होते नदीचे. आपण नदीकाठी उभे आहात, पाणी थंड आहे, आता एकेक पाऊल पाण्यात टाका, पाणी गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, आता स्वतःला प्रवाहावर सोडून द्या. भाऊजी ताडकन उठून बसले. घामाने सदरा भिजलेला, श्वास लागलेला. त्यांचा धाकटा भाऊ वयाच्या अठराव्या वर्षी शिवनाथ नदीत बुडाला होता, त्यांच्या डोळ्यांदेखत. या गोष्टीस पन्नास वर्षे होत आली. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. नदीवरच्या पुलावरून जाताना ते खिडकीकडे पाठ करून बसतात, एवढेच आम्हाला ठाऊक. त्या रविवारनंतर तीन आठवडे त्यांना गोळी घेऊनही झोप लागली नाही.

मी गेलो तेव्हा हे सर्व होऊन गेले होते. जेवणानंतर ताईने एकच प्रश्न विचारला, “अरे, तू सरकारात आहेस ना? मग हे कोण बघतं?”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत अनेक संसदीय प्रश्नांची उत्तरे तयार केली, पण या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. (नेहमीप्रमाणे, येथील मते माझी वैयक्तिक आहेत, माझ्या खात्याची नव्हेत.)

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तो वर्ग चालविणाऱ्या बाई भोंदू नव्हत्या. त्या गायन शिकवितात, शुल्क नाममात्र घेतात, आणि झाल्या प्रकाराने त्या स्वतः इतक्या घाबरल्या की दुसऱ्या दिवशी घरी येऊन रडल्या. एका मोठ्या शहरात दोन दिवसांची कार्यशाळा करून त्यांनी प्रमाणपत्र मिळविले होते. ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले होते. नदीचे ते वर्णन त्यांनी रचलेले नव्हते. कार्यशाळेत वाटलेल्या पुस्तिकेत ते छापलेले होते. दोन दिवसांत त्यांना काय वाचावयाचे ते शिकविले गेले. वाचण्यापूर्वी समोरच्यास काय विचारावयाचे, आणि वाचता वाचता समोरचा दचकला तर काय करावयाचे, हे शिकविले गेले नाही. व्यावसायिक प्रशिक्षण म्हणतात ते नेमके या दुसऱ्या भागाचे नाव होय.

ही उपचारपद्धती मुळात कशी आहे, हे पाहण्यासारखे आहे. अंग शिथिल करण्याचे शास्त्र जुनेच. अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी स्नायू क्रमाने आवळून सोडण्याची रीत १९२० च्या दशकात मांडली. आपल्याकडे मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी योगनिद्रा प्रचारात आणली, तिच्यातही शरीराच्या एकेका अवयवावरून मन फिरविणे आणि मग प्रतिमा डोळ्यांसमोर आणणे हे दोन्ही आहे. या दोहोंशी संगीताची सांगड पद्धतशीरपणे घालण्याचे श्रेय हेलन बॉनी या अमेरिकन संगीतोपचारतज्ज्ञ विदुषीस जाते. त्या मूळच्या व्हायोलिनवादक. १९७० च्या सुमारास बाल्टिमोर येथील एका मनोरोग संशोधन केंद्रात त्या काम करीत होत्या. तेथे रुग्णांना भ्रमकारक औषध देऊन, सोबत संगीत ऐकवून मानसोपचार करण्याचे प्रयोग चालू होते. पुढे त्या औषधावर निर्बंध आले. बॉनीबाईंच्या ध्यानात आले की औषध वगळले तरी केवळ शिथिलावस्था आणि विचारपूर्वक निवडलेले संगीत यांनी मनात प्रतिमांची मालिका उघडते. त्यातून त्यांची पद्धत जन्मास आली.

तिचे सत्र चार टप्प्यांचे असते. आधी संभाषण, मग शिथिलीकरण, मग संगीत, आणि शेवटी पुन्हा संभाषण. महत्त्वाची गोष्ट अशी की मूळ पद्धतीत मार्गदर्शक स्वतः दृश्य वर्णन करीतच नाही. ऐकणाऱ्यास तेथे ‘प्रवासी’ म्हणतात. संगीत चालू असताना प्रवासी आपल्याला काय दिसते आहे ते सांगत जातो, मार्गदर्शक ऐकतो, लिहून घेतो, अधूनमधून विचारतो, तेथे आणखी काय आहे, तुम्हास कसे वाटते आहे. म्हणजे नदी आली तर ती प्रवाशाची नदी असते, पुस्तिकेतली नव्हे. आणि ती भयाण वाटू लागली तर सोबतीला प्रशिक्षित माणूस हजर असतो. ही पद्धत शिकणाऱ्यास कित्येक सत्रे स्वतः प्रवासी म्हणून अनुभवावी लागतात, त्यानंतर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली इतरांची सत्रे घ्यावी लागतात. यात काही वर्षे जातात. वास्तवाचे भान सुटलेल्या रुग्णावर तिचा प्रयोग करू नये, हे तर पहिल्याच धड्यात शिकवितात. अंग सैल सोडताच काही माणसांची बेचैनी कमी होण्याऐवजी वाढते, हेही मानसशास्त्रात नोंदलेले आहे.

आमच्या रिसालीच्या सभागृहात पोहोचेपर्यंत या सगळ्यातून उरले काय? बासरी, आणि एक छापील उतारा.

संगीताने बरे वाटते यात शंका नाही. परंतु ‘बरे वाटणे’ आणि ‘उपचार’ यांच्यात अंतर आहे, आणि आपल्याकडील बहुतेक चर्चा हे अंतर पुसून टाकते. पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी १९३३ साली मुसोलिनीस पूरिया ऐकवून झोपविले ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथा रम्य आहे, पण एका हुकूमशहास लागलेली झोप हा पुरावा नव्हे. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग मधुमेहावर, अशा ज्या याद्या फिरत असतात त्यांच्याविषयी तर न बोललेलेच बरे. पुराव्याच्या बाबतीत अधिक चांगले उदाहरण म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच्या धास्तीविषयी कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा. त्यात २६ चाचण्या आणि २,०५१ रुग्ण होते. संगीत ऐकलेल्यांची धास्ती २० ते ८० गुणांच्या मापनपट्टीवर सरासरी पावणेसहा गुणांनी कमी भरली. परिणाम माफक आहे, पण खरा आहे. मात्र त्याच आढाव्याने दोन इशारेही दिले आहेत. संगीत ऐकणाऱ्यास आपण संगीत ऐकतो आहोत हे ठाऊकच असते, त्यामुळे चाचणीत पूर्वग्रह शिरतो. आणि त्यातील जवळपास सर्व प्रयोग ध्वनिमुद्रित संगीत ऐकविण्याचे होते, प्रशिक्षित संगीतोपचारकाने केलेल्या उपचाराचे नव्हते. म्हणजे जो पुरावा कार्यशाळांच्या जाहिरातीत छापला जातो तो कर्णयंत्र लावून ऐकलेल्या ध्वनिमुद्रित संगीताचा असतो. त्यासाठी ना कार्यशाळा लागते ना प्रमाणपत्र.

आता ताईचा प्रश्न. हे कोण बघते?

अमेरिकेत संगीतोपचाराचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९४४ साली मिशिगन राज्य विद्यापीठात सुरू झाला. युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांत गवई-वादक जाऊ लागले, आणि केवळ वाजविता येणे पुरेसे नाही हे तेथील डॉक्टरांच्या लवकरच ध्यानात आले होते. आज तेथे पदवीसोबत १,२०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आणि नंतर परीक्षा असते. ब्रिटनमध्ये ‘संगीतोपचारक’ ही उपाधीच कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसता ती लावणे हा अपराध आहे.

भारतात काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच संगीतोपचाराचे केंद्र २०१० पासून आहे, तेथे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि विद्यार्थी खऱ्या रुग्णकक्षांत काम करतात. दिल्ली व चेन्नई येथेही गंभीरपणे काम करणाऱ्या संस्था आहेत. पण या बेटांना जोडणारा कायद्याचा पूल नाही. पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, श्रवणतज्ज्ञ आदींची नोंदवही ठेवतो. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा वर्ग आणि छप्पन्न व्यवसाय आहेत. कला, नृत्य व हालचाल यांद्वारे उपचार करणाऱ्यांचा तेथे उल्लेख आहे, संगीतोपचारकाचे मात्र स्वतंत्र नाव नाही. याच कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी किमान २,००० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. दोन दिवसांची कार्यशाळा चहा-जेवणासकट सोळा तासांची भरते.

कायदा झाला म्हणजे व्यवस्था झाली असेही नाही, हे आमच्यासारख्यांना कोणी सांगावयास नको. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास केंद्र व राज्ये यांना हा कायदा दोन महिन्यांत अमलात आणा असे बजावावे लागले, यावरून काय ते समजावे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. परवाना-राजचा तिटकारा आमच्या पिढीस शिकवावा लागला नाही, तो आम्ही भोगला. म्हणून उद्यापासून संगीतोपचारास परवाना सक्तीचा करा, असे मी म्हणणार नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात या बाबतीत तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत: नुसती नोंदणी, पात्रतेचे प्रमाणन, आणि परवाना. पहिलीत कोण काय करतो एवढे समजते. दुसरीत कोणीही काम करू शकतो, पण विशिष्ट उपाधी पात्र माणसासच लावता येते. तिसरीत परवान्याशिवाय कामच करता येत नाही. स्वतः फ्रीडमन डॉक्टरांच्याही परवान्याच्या विरुद्ध होते, इतक्या टोकास मी जाणार नाही. परंतु उलट बाजूने जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा जुन्या मोटारींवरील प्रसिद्ध निबंध आठवावा. खरेदीदारास चांगली आणि खटारा गाडी यांतील फरक ओळखता येत नसेल, तर चांगल्या गाडीस तिची किंमत मिळत नाही आणि हळूहळू ती बाजारातून निघून जाते. पुदुच्चेरीत दोन वर्षे घालविलेल्या मुलीचे प्रमाणपत्र आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र हे भिंतीवर सारखेच दिसतात. दुसऱ्याची चौकट बहुधा अधिक सोनेरी असते. मग दोन वर्षे कोण घालवील?

म्हणून माझा कौल मधल्या पायरीस. भजनी मंडळास, रियाजास, रविवारच्या बासरीस कोणी हात लावू नये. सरकारने लोकांच्या गाण्यात नाक खुपसण्यासारखे दुसरे पाप नाही. परंतु ‘उपचार’ हा शब्द जो लावील, आणि विशेषतः डोळे मिटवून दुसऱ्याच्या मनात प्रतिमा उभ्या करील, त्याची उपाधी नोंदणीने बांधलेली असावी. शब्द राखला की पुष्कळ काम आपोआप होते.

नोंदणी करावयाची तर शिकविणार कोण, हा पुढचा प्रश्न. येथे मला भिलाईचा भूगोल खुणावतो. भिलाईहून मोटारीने दोनेक तासांवर खैरागढ आहे. तेथील राजघराण्याने आपला राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. त्याच्या प्रारंभीच्या कुलगुरूंत पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते, भातखंड्यांचे शिष्य. महाराष्ट्राचे संगीतशास्त्र छत्तीसगढच्या या लहानशा गावात असे रुजले आहे. इकडे भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे मोठे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. स्वर एका गावात, रुग्ण दुसऱ्या गावात, आणि मधे एक चांगला रस्ता. दोघांनी मिळून एक दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालविण्यास नवे बांधकामसुद्धा लागणार नाही.

मात्र येथे माझ्यातील जुना कारकून जागा होतो. अभ्यासक्रम काढणे सोपे, पद मंजूर करणे कठीण. सेवाप्रवेश नियमांत ज्या पदाचे नाव नाही त्या पदासाठी शिकलेली मुले शेवटी काय करतात? कार्यशाळा भरवितात. आधी निदान काही रुग्णालयांत, मेंदूविकार, बालरोग आणि वेदनाशमन विभागांत, पाच-दहा पदे निर्माण व्हावीत, आणि मग तेवढ्याच संख्येने विद्यार्थी घ्यावेत. हा क्रम उलटा झाला तर आपण सरकारी मोहोर असलेली बेकारी निर्माण करू.

अभ्यासक्रम परदेशातून उचलून आणता येणार नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. बॉनीबाईंच्या संगीतमालिका पाश्चात्य अभिजात संगीताच्या आहेत. त्या संगीतात स्वरसंवादांचा ताण चढत जातो आणि सुटतो, त्यावर प्रवाशाची प्रतिमा वर-खाली होते. आपला राग एकाच भावात खोल उतरत जातो. भजन लावावे तर शब्द आपली चित्रे बरोबर घेऊन येतात. याचा विचार कोणीतरी बसून, वर्षानुवर्षे ऐकून-ऐकवून करावयास हवा. आणि भाषेचे काय? रिसालीतील त्या बाई सूचना देत होत्या शुद्ध हिंदीत. भाऊजींना हिंदी उत्तम येते, कारखान्यात तीच बोलले. तरी मी त्यांना विचारले की नदीचे ऐकताना मनात कोणता शब्द आला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “डोह.” सूचना हिंदीत होती, भीती मात्र मराठीत आली.

परदेशी राहणाऱ्या वाचकांना हे अधिक कळेल असे वाटते. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता तिकडे आपल्याजवळ आहेत, काही वृद्धाश्रमांत किंवा दीर्घकालीन रुग्णालयांत. तेथे नोंदणीकृत, सुशिक्षित संगीतोपचारक मिळतो, ही मोठीच सोय. परंतु तो जेव्हा म्हणतो, बर्फाच्छादित डोंगरातील आपल्या लाकडी घराची कल्पना करा, तेव्हा वर्ध्याच्या आजींना काय दिसत असेल? त्यांना सुखाची जागा म्हणजे उन्हाळ्यात पाणी मारलेले अंगण, खाट, आणि शेजारच्या आकाशवाणीवर लांबून ऐकू येणारे गाणे. हे त्या उपचारकास ठाऊक असण्याचे कारण नाही. आपण सांगितले तर त्याला हवेच असते. पहिल्या संभाषणाचा टप्पा असतो तो त्यासाठीच. आईने कोणती गाणी ऐकली, कोणत्या पाण्याला ती भिते, घरात कोणता मृत्यू बोलला जात नाही, हे एका कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे. आणि इकडे भारतात मागे राहिलेल्या आईवडिलांना कोणी अशा वर्गास नेत असेल, तर फोनवर एवढेच विचारावे की तेथे डोळे मिटण्यापूर्वी तुमच्याशी एकट्याशी कोणी अर्धा तास बोलले का. नसेल बोलले, तर गाणे ऐकून घरी यावे आणि डोळे उघडे ठेवावेत.

निघण्याच्या दिवशी सकाळी त्या गायनाच्या बाई ताईकडे आल्या होत्या. वर्ग त्यांनी बंद केलेला नाही, पण पुस्तिका बाजूला ठेवली आहे. आता फक्त तानपुरा लावतात आणि सर्वांकडून षड्ज धरवून घेतात. भाऊजी अद्याप जात नाहीत. पुदुच्चेरीच्या अभ्यासक्रमाची माहिती मिळेल का, असे त्यांनी मला विचारले. वय अठ्ठेचाळीस, घरी सासू अंथरुणाला खिळलेली, दोन वर्षे तेथे जाऊन राहणे शक्य नाही, हे त्यांनीच पुढे सांगितले. खैरागढला असे काही असते तर सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता आले असते, असेही म्हणाल्या. मी त्यांचे नाव व पत्ता लिहून घेतला. आयोगास पाठवावयाच्या पत्राचा मसुदा तयार आहे, त्यात त्यांचे हे वाक्य जसेच्या तसे घातले आहे.